या पत्त्यावर राहत नाही

परदेशात जाणं किती धोक्याचं असतं, हे मला ज्यांनी समजावून सांगितलं त्यांच्यापैकी बहुतेकांनी पुण्याच्या पलीकडं पाऊल टाकलेलं नव्हतं. पण बोलायचे असे, की जणू कालच जर्मनीतून कशीबशी सुटका करून घेऊन केजच्या बसस्टँडवर उतरलेत. माझे थोरले दीर त्यात सगळ्यांच्या पुढं. तिकडं बाईमाणूस एकटं दिसलं की भूल देतात, किडनी काढून घेतात आणि बर्फाच्या टबात टाकून देतात, असा एक व्हिडिओ त्यांच्या मोबाइलवर आला होता. तो त्यांनी मला तीनदा दाखवला. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "भावजी, माझं वय एकोणसाठ. पंधरा वर्षांपासून साखर हाय. माझी किडनी कुणी नेलीच तर दुसऱ्या दिवशी आणून परत देईल."

दीर हसले नाहीत. जाऊ हसली, पण पदराआड.

दिरांचं घर आणि माझं घर एकाच अंगणात. माझे मालक जाऊन अकरा वर्षं झाली. एकुलती एक लेक, ती नर्सिंग शिकून जर्मनीतल्या एका लहानशा गावी दवाखान्यात लागली, तिथंच काम करणाऱ्या आपल्याकडच्या मुलाशी लग्न केलं. मीही नर्सच होते. आष्टीकडच्या उपकेंद्रांवर बाळंतपणं करण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळं मला सगळी गल्ली 'सिस्टर' म्हणते. पोरं म्हणतात, म्हातारी माणसं म्हणतात, खुद्द दीरही म्हणतात. लहान भावाच्या बायकोला सिस्टर म्हणणारा जगात हा एकच दीर असावा. ह्या सिस्टर शब्दानं पुढं माझा घात केला, ते सांगतेच.

लेकीला दिवस गेलेत हे कळलं तेव्हा तिला सहावा लागला होता. तिनं मुद्दाम उशिरा सांगितलं. कारण दोन वर्षांपूर्वी तिचं एक बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं.

त्या वेळी मी जायला निघाले होते. म्हणजे मनानं निघाले होते. तिला त्रास सुरू झालाय हे तिसऱ्या महिन्यातच तिनं कळवलं होतं, आणि मी म्हणाले होते, मी येते. मग अंगणात बैठक बसली. दीर, माझा भाऊ, भावकीतले दोघं-तिघं. तिथं थंडीनं रक्त गोठतं. विमानतळावर म्हाताऱ्या बायांना कपडे काढायला लावतात. पावात गाईची चरबी असते. पासपोर्ट काढून घेतात आणि धुणीभांडी करायला ठेवतात. वर मेलीस तर देह इकडं यायला महिना लागतो, तोवर दहाव्याचं काय? एकेक जण बोलत होता आणि मी ऐकत होते. मी, जिनं कंदिलाच्या उजेडात, दारं नसलेल्या कोप्यांमध्ये, आडवी आलेली मुलं बाहेर काढली, ती मी खाली मान घालून ऐकत होते. नवरा गेलेल्या बाईनं चारचौघांचं ऐकावं, ही सवय अंगात इतकी मुरलेली असते की ती सवय आहे हेही कळत नाही. मी पासपोर्टचा अर्जसुद्धा केला नाही. पुढं दोन महिन्यांनी लेकीचा फोन आला, की आई, राहिलं नाही.

तो फोन ठेवल्यावर मी चहा केला. का केला माहीत नाही. दोन कप केला. आणि दोन्ही ओतून दिले.

म्हणून या वेळी तिचा फोन आला तेव्हा मी बैठक बसू दिली नाही. दुसऱ्याच दिवशी एसटीनं बीडला गेले, फॉर्म भरला, बोटांचे ठसे दिले, फोटो काढून घेतला. संध्याकाळी परत आले आणि अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं जावेला सांगितलं, "आक्का, मी पासपोर्टला टाकून आले."

मग व्हिडिओ सुरू झाले. किडनीचा झाला, विमान पडल्याचा झाला, कुठल्याशा देशात बॉम्ब फुटल्याचा झाला. मी विचारलं हा देश कोणता, तर दीर म्हणाले, "तिकडचाच हाय."

मला राग धोक्याच्या गोष्टींचा नव्हता. धोका मला माहीत होता. दिवाळी झाली की आष्टीकडची निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, त्यावर म्हातारी, त्यावर शेळी, आणि त्या सगळ्याच्या टोकावर सातवा लागलेली बाई. कर्नाटकात कुठल्याशा फडावर जायचं. तिथली भाषा येत नाही, दवाखाना कुठं ते ठाऊक नाही, राहायला पाचटाची कोपी. अशा एकीला मी ट्रॉलीसमोर उभं राहून अडवलं होतं. तुझी तारीख जवळ आहे, जाऊ नको म्हणाले. तिचा सासरा मला म्हणाला, "सिस्टर, काय होतंय तिला? आमच्या बाया फडातच बाळंत होत्यात." ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परत आली. एकटी. उपकेंद्रात येऊन तिनं दूध सुकवायच्या गोळ्या मागितल्या. तिच्या जाण्यावर कुणी बैठक बसवली नव्हती, तिला कुणी व्हिडिओ दाखवला नव्हता. कोयता घेऊन निघालेली बाई कामाला जाते, आणि लेकीकडं निघालेली बाई संकटात जाते, हा हिशोब मला कधीच कळला नाही. आता कळून घ्यायचाही नाही.

तर पासपोर्ट. अर्ज करून तीन आठवडे झाले आणि मी दोन दिवस घाटनांदूरला माहेरी गेले. भावजयीची तब्येत बरी नव्हती. परत आले तर गल्लीत वेगळीच शांतता. आमच्या डाव्या हाताला फळविक्या कुटुंबाचं घर आहे. त्यांची म्हातारी, जिला मी खाला म्हणते, दारातच बसली होती. मला बघून तिनं आत ये अशी खूण केली, दार लावलं, आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, पोलीस आलता. तुमी फिकर नका करू. आमी काय बी सांगितलं न्हाई."

"कावून आलता?"

"कुणा बाईचं नाव घेत हुता. मी म्हनलं, ह्या नावाची इथं कुणी राहत न्हाई. पन तुमच्या घराकडं बोट करू लागला, तवा मला शक आला."

मी नाव विचारलं. तिनं आठवून आठवून सांगितलं. ते माझंच नाव होतं. एकवीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेल्या बाईला माझं नाव माहीत नव्हतं. तिला माहीत होती सिस्टर. तिच्या दोन नातवंडांची नाळ मी कापली होती, पण नाव विचारायची वेळ आलीच नव्हती. मला हसूही येईना आणि रडूही.

पासपोर्टसाठी पोलीस पत्त्याची खातरजमा करायला येतात, हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. आणि आमच्या गल्लीची रीत अशी, की पोलीस दारात येऊन कुणाचं नाव घेतो तेव्हा ते माणूस तिथं राहत नसतं. मग तो आत जेवत का बसलेला असेना. ही रीत सगळे प्रेमानं पाळतात. हिंदू पाळतात, मुसलमान पाळतात, एकमेकांशी न बोलणारे सुद्धा पाळतात. त्या दिवशी अख्ख्या गल्लीनं मला वाचवलं होतं.

ठाण्यात गेले. तिथल्या जमादारानं कागद काढून वाचला. "सदर महिला या पत्त्यावर राहत नाही असं शेजाऱ्यांनी सांगितलेलं आहे."

"अहो, मी इथं तुमच्या समोर उभी आहे."

"इथं उभ्या आहात, बाई. तिथं राहत न्हाई असा रिपोर्ट हाय."

माणूस वाईट नव्हता. त्याला लोकांनी जे सांगितलं ते त्यानं लिहिलं होतं. तो म्हणाला, शेजारच्या दोन माणसांना घेऊन या, तुम्ही तिथंच राहता असं त्यांनी लिहून द्यावं, मी नवा रिपोर्ट पाठवतो. मग कागद उलटा करून म्हणाला, "पन ज्यांनी न्हाई म्हनून सांगितलं त्येच आले तर बरं. एक म्हातारी हुती मुसलमानाची. आन दुसरे, अंगनातलेच." आणि त्यानं माझ्या दिरांचं नाव वाचलं.

रिक्षात बसून मी दोघांचा हिशोब मांडत गेले. खाला चुकली होती. तिला नाव ठाऊक नव्हतं. दिरांना ठाऊक होतं. चांगलंच ठाऊक होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात ना, ते काय ठेवायचं यावर आमच्याकडं वाद झाला होता, आणि शेवटी नाव ठेवलं ते थोरल्या दिरांनी. माझ्या मालकांनी फक्त गिरवलं. माहेरचं नाव पुसून हे नाव मला ज्या माणसानं दिलं, त्यानंच पोलिसाला सांगितलं होतं की अशी कुणी नाही.

ते अंगणात शेंगा फोडत बसले होते. मी चप्पल न काढता समोर उभी राहिले.

"भावजी, पोलिसाला काय सांगितलं?"

"त्येच, जे सगळ्यांनी सांगितलं. पोलिसाला कुणी खरं सांगत असतंय का?"

"खालाला नाव ठाऊक नव्हतं. तुमाला ठाऊक हुतं."

त्यांनी टरफलं बाजूला सारली. म्हणाले, "सिस्टर, तुमच्या भल्यासाठीच. कुणी न्हाई तिकडं आपलं. धाकटा असता तर गोष्ट येगळी. तुमाला काय झालं तर लोक मला ईचारतील."

लोक मला विचारतील. किडनी, बर्फ, बॉम्ब, गाईची चरबी, सगळ्याच्या तळाशी हे होतं. मला एकदम इतका संताप आला की आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"तिकडं माझी लेक हाय," मी म्हणाले. "तिला सहावा सरत आलाय. ह्या रिपोर्टापायी माझा पासपोर्ट अडकला, की व्हिसा अडकला, की तिची तारीख निघून जाईल. मागच्या वेळी मी तुमचं ऐकलं. त्याचा दोष मी तुमाला देत न्हाई, ऐकलं मीच. पन ह्या वेळी ऐकनार न्हाई. उद्या धा वाजता मी आन खाला ठाण्यात जानार. तुमी आलात तर आलात. न्हाई आलात तर मी जमादाराला लिहून देनार, की माझं नाव ज्यांनी ठेवलं त्यांनीच मला ओळखलं न्हाई. आन त्याची एक प्रत भावकीत फिरवनार."

जाऊ दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "सही करा की." चाळीस वर्षांत नवऱ्याला कुणासमोर असं बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी खाला आणि मी रिक्षातून उतरलो तर दीर ठाण्याच्या पायरीवर आधीच आलेले. इस्त्रीची टोपी, हातात आधार कार्ड. खालानं जमादाराला दम दिल्यासारखं सांगितलं, "लिवा. ही सिस्टर हाय. नाव मला आज कळलं, पन मानूस मी एकवीस वर्सांपासून वळखते. मी मक्केला, उमऱ्याला जाऊन आले, मला कुणी खाल्लं न्हाई, हिला कोन खातंय?" मग दिरांची पाळी आली. त्यांनी माझं नाव घेतलं, अगदी पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट. त्यांच्या तोंडून ते मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते. "माझ्या धाकट्या भावाची बायको. आमच्याच अंगनात राहते," ते म्हणाले आणि सही केली. मग जमादाराला विचारलं, "तिकडं काय बरंवाईट झालं तर जबाबदारी कुनाची?"

"माझी," मी म्हणाले.

पासपोर्ट आला. व्हिसाला मुंबईच्या दोन खेपा झाल्या आणि उशीर होता होता राहिला. लेकीच्या तारखेला नऊ दिवस उरले असताना मी विमानात बसले.

भीती वाटली का, तर वाटली. एकदा. विमानतळावरच्या सरकत्या जिन्याची. पाऊल कधी ठेवायचं ते कळेना, मागं रांग लागली. एका परक्या बाईनं न विचारता माझं कोपर धरलं आणि आम्ही दोघी वर गेलो. ती कुठली, कुठं निघाली होती, मला माहीत नाही. माझ्या किडनीत तिला काही रस दिसला नाही. कपडे कुणी काढायला लावले नाहीत. पासपोर्ट काढून घेतला, त्यावर शिक्का मारला आणि हातात परत दिला. बाहेर जावई उभा होता. त्यानं माझ्या अंगावर आपला कोट घातला, कारण माझा स्वेटर पाहून त्याला माझी दया आली. थंडी खरी होती, तेवढं दीर बरोबर बोलले होते. रक्त मात्र गोठलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी लेकीला कळा सुरू झाल्या. तिथं बाळंतपण करणारी सुईण असते, डॉक्टर बाजूला आणि ही पुढं. उंच, जाड हातांची बाई. तिला माझी भाषा येईना, मला तिची. लेकीनं तिला माझ्याबद्दल काही सांगितलं, तशी ती माझ्याकडं वळली आणि तिनं माझे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले. मग मान हलवली आणि मला लेकीच्या डोक्याशी उभं केलं. पुढचे पाच तास आम्ही दोघींनी खुणांवर काढले. ती बोटं वर करायची, मी समजायची. किती उघडलंय, किती राहिलंय. एका वेळी बाळाचे ठोके मंदावले. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण तिनं लेकीला कुशीवर वळवलं आणि मी त्याच क्षणी लेकीचा वरचा पाय उचलून धरला, तिनं सांगायच्या आधी. आष्टीतही असंच करतात. दुपारी मुलगी झाली. थोडी उशिरा रडली, पण रडली.

वार पडली, टाके झाले, सुईण हात धुवायला गेली. जावई फॉर्म भरायला बाहेर होता. बाळ लेकीच्या छातीवर, आणि मी तिच्या कपाळावरचे केस मागं सारत होते.

जावई गेला त्या दाराकडं बघत ती म्हणाली, "आई, मागच्या वेळी हा नव्हता."

मला वाटलं ती गुंगीत आहे.

"हा कामाला दुसऱ्या शहरात गेलता. बर्फानं गाड्या बंद पडल्या, दीड दिवस त्याला येताच आलं नाही. मी एकटीच होते. घरीच सुरू झालं. दवाखान्यातही एकटीच गेले. तुला फोनवर म्हणलं ना, हा शेजारी बसलाय, चहा करून देतोय, ते खोटं होतं."

"मला का सांगितलं नाहीस गं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. चिडून नाही, दमलेल्या माणसासारखं.

"सांगून काय झालं असतं? तू तिकडं रडत बसली असतीस. आली तर नसतीसच."

मी तिचे केस मागं सारत राहिले.

तेवढ्यात जावई आत आला आणि त्यानं केजला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं संध्याकाळ झाली होती. पडद्यावर आधी कुणाचा तरी कान दिसला, मग जाऊ, मग खाला, आणि त्या दोघींच्या मागं टोपी घातलेले दीर. बाळ दाखवलं. खालानं दुआ दिली, जाऊ डोळे पुसत होती. दीर पुढं आले, घसा खाकरला आणि मोठ्यानं विचारलं, "सिस्टर, समदं ठीक ना? तिकडं काय धोका-बिका तर न्हाई ना?"

"हुता, भावजी," मी म्हणाले. "दोन वर्सांमागं हुता. तवा मी तुमच्या अंगनात सुखरूप बसले हुते."